टाकीचा लेव्हल सेन्सर पावसाळ्यात चुकीचे आकडे दाखवतो: तपासायला कुठून सुरुवात करायची

गच्चीवरच्या टाकीवर अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि त्याला ईएसपी८२६६, ईएसपी३२ किंवा आर्डुइनो यांपैकी एखादा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड जोडून ज्यांनी पाण्याची पातळी मोबाइलवर आणली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एप्रिल-मेमध्ये बसवलेले यंत्र छान चालते. मृग लागला की बिनसायला लागते, आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घर माणसांनी भरलेले असताना टाकी कोरडी असूनही मोबाइलवर शंभर टक्के दिसते. गोव्यात डिचोली, साखळी, म्हापसा, खाली मोरजी-हरमलपर्यंत ओळखीच्यांच्या घरी हेच दुखणे मी पुन्हा पुन्हा दुरुस्त करत आलो आहे. बहुतेक जण पहिल्याच दिवशी कोड बदलायला बसतात, दुसऱ्या दिवशी नवीन सेन्सर मागवतात. या दोन्हींपासून सुरुवात करायची गरज क्वचितच पडते.

आधी लक्षण ओळखा. लॅपटॉप जोडून सीरियल मॉनिटरवर (बोर्ड पाठवतो ते आकडे दाखवणाऱ्या खिडकीत) सेंटिमीटरचा कच्चा आकडा बघा, टक्के नकोत.

- आकडा शून्य येतो, आणि म्हणून टाकी ‘भरलेली’ दिसते.
- आकडा ६५० च्या आसपास येतो, टाकी मात्र जेमतेम सव्वा मीटर उंच आहे.
- टाकी भरत आली की आकडा वीस-पंचवीसवर अडतो, किंवा तिथून पुढे वाटेल ते दाखवतो.
- पाणी उतरले तरी आकडा एकाच जागी चिकटलेला.
- आकडे उड्या मारतात: ४२, ४३, ११८, ४२, ०, ४३.
- सकाळी बरोबर, पण भर दुपारी पाणी न चढवताच टाकी थोडी जास्त भरलेली दिसते.
- मॉनिटरवर बरोबर, मोबाइलवर मात्र तासाभरापूर्वीचा आकडा.
- आकडा बरोबर आहे, तरी पंप बंद होत नाही.

पहिली दोन लक्षणे एकाच दुखण्याची आहेत. सेन्सर ४० किलोहर्ट्झचा आवाज खाली सोडतो आणि तो पाण्यावर आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजतो. प्रतिध्वनी आलाच नाही तर एचसी-एसआर०४ हा नेहमी वापरला जाणारा सेन्सर साधारण ३८ मिलिसेकंद वाट बघतो आणि हात टेकतो. ३८,००० मायक्रोसेकंदांना नेहमीच्या ५८ ने (आवाजाला एक सेंटिमीटर जाऊन परत यायला लागणारे मायक्रोसेकंद) भागले की ६५५ सेंटिमीटर येतात. कोडमध्ये त्याहून कमी वेळेची मर्यादा घातली असेल तर पल्सइन, म्हणजे हा वेळ मोजणारी आज्ञा, शून्य परत देते. शून्य अंतर म्हणजे पाणी सेन्सरला टेकले, असा हिशेब कोड करतो आणि शंभर टक्के दाखवतो. तेव्हा शून्य किंवा ६५५ दिसले की समजायचे, बहुधा आवाज परत आलेला नाही. तो का आला नाही, तेवढेच शोधायचे आहे.

आता तपासण्या. क्रम मोडू नका. पहिल्या चार तपासण्यांना जवळजवळ काहीच खर्च नाही आणि बहुतेक घरांतले काम तिथेच संपते.

झाकण उघडा आणि मोजपट्टी टाका

सेन्सरच्या तोंडापासून पाण्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजा आणि मॉनिटरवरच्या आकड्याशी ताडून बघा. एक-दोन सेंटिमीटरच्या आत जुळले तर सेन्सर ठणठणीत आहे, चूक टक्क्यांच्या हिशेबात आहे. रिकाम्या टाकीचे अंतर आणि भरलेल्या टाकीचे अंतर हे दोन आकडे कोडमध्ये तुमच्याच टाकीचे हवेत. दुसऱ्याच्या कोडमधून आलेले आकडे तसेच राहून गेलेले पुष्कळदा सापडतात. उभ्या गोल टाकीत उंची आणि लिटर सरळ प्रमाणात चालतात. आडव्या गोल टाकीत चालत नाहीत: मधल्या भागात एका सेंटिमीटरला जास्त पाणी मावते, तळाशी आणि वर कमी. आडव्या टाकीवाल्यांनी बादलीने मोजून पाणी ओतत स्वतःचा तक्ता करावा, दुसरा सोपा मार्ग नाही.

सेन्सरचे तोंड पुसा

गोव्यातले पावसाळी दुखणे खरे इथेच असते, म्हणून यावर जरा सविस्तर.

पुष्कळांचा समज असा की हवा दमट झाली म्हणून सेन्सर चुकतो. दमटपणाने हवेतला ध्वनीचा वेग बदलतो, पण इतका थोडा की टाकीच्या मापात तो जाणवत नाही. त्रास थेंबांचा आहे. बंद टाकीतली हवा रात्री पाण्याच्या वाफेने पूर्ण भरलेली असते, पहाटे झाकण बाहेरून गार होते आणि आतल्या बाजूला पाणी जमते. एचसी-एसआर०४ त्या झाकणालाच लावलेला असतो. त्याची दोन डोळ्यांसारखी डबडी पुढून जाळीची, म्हणजे उघडीच. पहाटे टॉर्च मारून बघा: जाळीच्या प्रत्येक भोकात पाण्याचा पातळ पडदा धरलेला दिसतो, कधी डबडीच्या खालच्या काठाला एक टपोरा थेंब लोंबत असतो. त्या पडद्यातून आवाज धड बाहेर जात नाही आणि परत आलेला आत शिरत नाही. दहा-अकरा वाजता ऊन पडले की पाणी सुकते आणि सेन्सर आपोआप ‘बरा’ होतो. जुलैत ऊन पडतच नाही, तेव्हा तो दिवसभर आजारी.

म्हणून कोरड्या सुती फडक्याने तोंड टिपून घ्या. घासू नका. पाच मिनिटांत आकडा ठिकाणावर आला तर निदान झाले. त्यापुढे एचसी-एसआर०४ टाकीत ठेवण्यात अर्थ नाही, तो कोरड्या खोलीसाठी आहे. जेएसएन-एसआर०४टी घ्या, त्याचे तोंड बंद असते आणि वायरवर लांब बसवता येते. खर्च करायची तयारी असेल तर ए०२वायवाययूडब्ल्यू त्याहून उत्तम, त्याचे कारण पुढे येईलच. बंद तोंडाच्या सेन्सरवरही थेंब धरतात, पण पुष्कळ कमी, आणि ते ओघळून जातात.

पुसताना आणखी दोन गोष्टी बघा. कुंभारीण माशी सेन्सरच्या नळीत मातीचे घर बांधते, मे महिन्यात हमखास. ते वरून दिसत नाही, काडी घालून बघावे लागते. आणि कोळ्याची जाळी: कोरडी असताना फारशी आड येत नाहीत, दव धरले की येतात. खाणपट्ट्यात आणि रस्त्याच्या कडेच्या घरांत लाल धूळ ओली होऊन तोंडावर लेप बसतो, तो नुसत्या फडक्याने जात नाही, ओल्या फडक्याने काढून मग कोरडे करा.

चार्जर आणि केबल बदला

घरातला दुसरा, चांगला चार्जर आणि जाड केबल लावून बघा. फुकटातली तपासणी आहे आणि उड्या मारणारे आकडे यात बऱ्याचदा थांबतात. वायफायवर माहिती पाठवताना ईएसपी८२६६ क्षणभर तीनशे मिलिअँपिअरच्या वर खेचतो. केबल बारीक आणि लांब असेल तर त्या क्षणी व्होल्टेज खाली बसते, आणि नेमक्या त्याच वेळी सेन्सर मोजत असेल तर आकडा बिघडतो. ईएसपी३२ अशा वेळी मॉनिटरवर ब्राउनआउट (व्होल्टेज कमी पडले) असे लिहून स्वतःला रीसेट करतो. ते अक्षर दिसले तर कोडमध्ये काही शोधू नका.

मल्टिमीटर असेल तर सेन्सरच्या पिनांवर व्होल्टेज मोजा. चार्जरच्या तोंडाशी मोजून उपयोग नाही. ४.८ ते ५.१ च्या मधे हवे. खाली असेल तर केबल आखूड करा, आणि बोर्डाजवळ ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मधे ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. पट्टी असलेला पाय ग्राउंडला.

जोड बघा

जम्पर वायर टेबलावर प्रयोग करण्यासाठी असतात. समुद्राकडच्या घरात त्या एक पावसाळा काढत नाहीत. मोरजीच्या बाजूला एका घरातला बोर्डाचा डबा उघडला तेव्हा बाहेरून सगळे नवेकोरे दिसत होते. सेन्सरच्या एको पिनवरची (प्रतिध्वनीची वेळ बोर्डाला कळवणाऱ्या पिनवरची) काळी टोपी ओढली तर आतली पितळी पट्टी हिरवी पडलेली, तिच्यावर मिठासारखी पांढरी भुकटी, आणि हलकेच ओढताच वायर हातात आली. अशा जोडात वीज कधी जाते, कधी जात नाही. डब्यावर टिचकी मारली की आकडा बदलतो, ही त्याची खूण.

उपाय एकच: सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा. डब्यात वायर नेहमी खालून शिरू द्या आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून येणारे पाणी झोळावरून गळून जाते. भोक बंद करायला सिलिकॉन वापरणार असाल तर त्याचा वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते आणि बंद डब्यातले तांबे खाते. दुकानात न्यूट्रल सिलिकॉन मागा. आणि डबा टाकीच्या आत कधीच नको, फक्त सेन्सरचे तोंड आत.

सेन्सर कुठे आणि कसा बसला आहे

इथून पुढे पान्हा, आरी लागते.

जेएसएन-एसआर०४टी एकाच तोंडाने आवाज सोडतो आणि ऐकतो. सोडल्यावर त्याचा पडदा थोडा वेळ थरथरत राहतो, तेवढ्या वेळात आलेला प्रतिध्वनी त्याला ऐकू येत नाही. म्हणून साधारण २० ते २५ सेंटिमीटरच्या आतले पाणी त्याला दिसत नाही. तिसरे लक्षण ते हेच. भरलेल्या टाकीत पाणी झाकणाच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खाली येते, सेन्सर आंधळा होतो, आणि पंप त्याच्या भरवशावर असेल तर पाणी गच्चीवरून वाहते. झाकणाला ११० मिलिमीटर पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा करून सेन्सर त्याच्या माथ्यावर लावा, म्हणजे भरलेल्या पाण्यापासून ३० सेंटिमीटर अंतर राहील. पाइपच्या कापलेल्या कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, खडबडीत कडेवरून खोटा प्रतिध्वनी येतो. ए०२वायवाययूडब्ल्यू ३ सेंटिमीटरपासून मोजतो, त्याला हा खटाटोप लागत नाही. वर उत्तम म्हटले ते यासाठी.

चौथे लक्षण, चिकटलेला आकडा, आले तर त्या आकड्याइतके अंतर पट्टीने सेन्सरपासून खाली मोजा आणि तिथे काय आहे ते बघा. नळाचा पाइप, बॉलकॉकचा दांडा, नाहीतर काळ्या प्लॅस्टिक टाकीच्या पोटावरची वळी, काहीतरी सापडतेच. आवाज सरळ रेषेत जात नाही, खाली जाताना पसरतो, आणि जेएसएनचा एचसी-एसआर०४ पेक्षाही जास्त पसरतो. भिंतीपासून निदान ३० सेंटिमीटर दूर आणि पाणी पडते त्याच्या विरुद्ध बाजूला जागा निवडा. सेन्सर पाण्याला काटकोनात हवा. शांत पाण्यावरून आवाज ठराविक कोनातच परततो, झाकणाच्या उतारावर तसाच बसवला तर तो भलतीकडे जातो. गवंडी वापरतात ती लेव्हल बाटली ठेवून बघा.

नळाला पाणी येते तेवढाच वेळ आकडे उड्या मारत असतील तर पडणाऱ्या पाण्याच्या लाटा हे कारण. आमच्याकडे बऱ्याच गावांत नळाला ठराविक वेळीच पाणी असते, त्यामुळे हे लक्षण घड्याळ लावल्यासारखे ओळखू येते. येणाऱ्या पाइपला खालपर्यंत तुकडा जोडा, पण त्याला पाण्याच्या पातळीच्या वर एक भोक ठेवा. नाहीतर दाब गेल्यावर टाकीतले पाणी उलटे खेचले जाऊ शकते.

पिनवर ५ व्होल्ट जातात का

एचसी-एसआर०४ आणि जेएसएन दोन्ही एकोवर ५ व्होल्ट देतात. ईएसपी३२ आणि ईएसपी८२६६ ची पिन ३.३ व्होल्टची. थेट जोडले तरी महिनोन् महिने चालते, म्हणून लोकांचा विश्वास बसत नाही, आणि मग एक दिवस पिन जाते. त्यानंतर सेन्सर कितीही बदला, आकडा शून्यच. मधे १ किलोओहम आणि २ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून ३.३ वर आणा: एकोपासून १ किलो, तिथून पिन, आणि पिनपासून ग्राउंडला २ किलो. पिन गेली आहे का ते कळायला कोडमध्ये दुसरी पिन देऊन बघा. सेन्सर मेला आहे का ते कळायला तो ५ व्होल्टच्या आर्डुइनो उनोला लावून बघा. जेएसएनच्या काही बोर्डांना १० ऐवजी २० मायक्रोसेकंदांचा ट्रिगर (मोजायला सांगणारा इशारा) लागतो, नवीन बोर्ड शून्यच देत असेल तर तेवढा बदल आधी करा.

आता कोड

तीन गोष्टी पुरतात. एक, शून्य आणि टाकीच्या उंचीपेक्षा मोठा आकडा यांना ‘माहीत नाही’ समजा. शंभर टक्के किंवा शून्य टक्के अजिबात दाखवू नका, आणि ‘माहीत नाही’ असेल तेव्हा पंप बंदच राहू द्या. दोन, एका वेळी सात मापे घ्या, दोन मापांत ६० मिलिसेकंद थांबा म्हणजे आधीचा प्रतिध्वनी विरून जाईल, मग लहान-मोठी लावून मधले घ्या. सरासरी नको. ४२ च्या रांगेत एक ६५५ आला की सरासरी बिघडते, मधला आकडा बिघडत नाही.

तीन, तापमान. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३३१.४ मीटर, अधिक दर अंश सेल्सिअसला ०.६ मीटर. २० अंशांना ३४३, ४५ अंशांना ३५८. पत्र्याच्या शेडखालच्या काळ्या टाकीत मे महिन्याच्या दुपारी पाण्यावरची हवा चांगलीच तापते. आवाज लवकर परततो आणि मीटरभर अंतर चार सेंटिमीटर कमी दिसते. १.१ मीटर व्यासाच्या टाकीत एका सेंटिमीटरला साडेनऊ लिटर, म्हणजे जवळजवळ चाळीस लिटर पाणी हवेतच. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर टाकीतल्या हवेत लोंबकळत ठेवा आणि वेग त्यावरून काढा. एवढी अचूकता नको असेल तर हे सोडून दिले तरी चालेल.

मोबाइलवर जुना आकडा

गळतीसाठी स्लॅबवर पत्र्याची शेड घालायची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे. टाकी शेडखाली, राउटर खालच्या खोलीत, मधे आरसीसी स्लॅब. बोर्डाला वायफायची ताकद विचारा: उणे ७५ च्या पलीकडे, म्हणजे उणे ८० किंवा ८५ असेल तर तुटणारच. राउटर जिन्याजवळ हलवा, नाहीतर बाहेरच्या अँटेनाचा बोर्ड घ्या. हे बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, राउटर बदलल्यावर अचानक बंद पडले तर आधी ते बघा. एकोची वायर पंधरा-वीस मीटर लांबवून बोर्ड खाली आणायचा विचार सोडा, पंपाच्या वायरशेजारून जाताना ती सगळा कचरा गोळा करते.

इथे हात थांबवा

वरचे सगळे ५ व्होल्टचे काम आहे, ते घरी करा. पुढच्या गोष्टींत मी स्वतः हात घालत नाही, तुम्हीही घालू नका.

टाकीचे पाणी, नळ किंवा लोखंडी स्टँडला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्या क्षणी मेन स्विच बंद करा आणि लायसन्सवाला वायरमन बोलवा. सेन्सर उद्या बघता येईल. ईएलसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडत असेल तर तो काढून टाकणारा किंवा मोठा बसवणारा माणूस नको, गळती शोधणारा हवा.

आकडा बरोबर असून पंप बंद होत नसेल, म्हणजे आठवे लक्षण, तर बहुधा छोट्या निळ्या रिलेचे (बोर्डाच्या हुकमाने पंपाची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) काँटॅक्ट चिकटले आहेत. त्यावर दहा अँपिअर लिहिलेले असते, पण एक हॉर्सपॉवरची मोटर सुरू होताना त्याच्या कितीतरी पट खेचते. हे रिले बदलून सुटत नाही. वायरमनकडून काँटॅक्टर (मोटरचा भार पेलणारा मोठा रिले) आणि ओव्हरलोड (मोटरने जास्त वीज खेचली की ती बंद करणारा भाग) बसवून घ्या, तुमचा रिले फक्त काँटॅक्टरची कॉइल चालवेल. त्याच वेळी टाकीत वर एक साधा फ्लोट स्विच लावून तो कॉइलच्या वाटेत घालायला सांगा. सेन्सर आंधळा झाला तरी फ्लोट पंप थांबवतो. पंप नुसत्या अल्ट्रासॉनिकवर सोडणे मला कुठल्याही घरात मान्य नाही. थ्री फेज स्टार्टर असेल तर पेटी उघडूही नका.

मेअखेर आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की चार्जर काढून ठेवा. वीज पडल्यानंतर डब्याला जळका वास येत असेल तर बोर्ड बदलून मोकळे होऊ नका, घराचे अर्थिंग मोजून घ्या.

ओल्या शेवाळलेल्या गच्चीवर शिडी लावून टाकीवर चढू नका, दोन दिवस उघडीप मिळेपर्यंत थांबा. आणि सेन्सर संपमध्ये (जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत) बसवलेला असेल, काही आत पडले असेल, तरी संपमध्ये उतरू नका. बंद संपमध्ये श्वास घेण्याजोगी हवा नसू शकते, ते बाहेरून कळत नाही, आणि पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. टाकी साफ करणारी माणसे हवा खेळती करून, दोर बांधून उतरतात. त्यांना बोलवा आणि सेन्सर त्यांच्याकडूनच काढून घ्या.